कौतिकचा जॉब उडाला

दहावी झालेल्या पोरानं पहिली नोकरी कोणती धरावी, हे विचारायला अजून माझ्याकडे लोक येतात. मी स्वतः चौथी शिकलेली आहे. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा कुठं आमच्या गावात मराठी शाळा आली. त्याआधी मास्तर उर्दूत शिकवायचे आणि मुली शाळेत जातच नव्हत्या. चौथी झाली तशी बापानं पाटी काढून घेतली आणि हातात विळा दिला. मला काही फार वाईट वाटलं नाही. मास्तर मारायचे, विळा मारत नव्हता.

तरी लोक मला विचारतात, त्याचं कारण माझी खानावळ. मुकुंदवाडीत, चिकलठाण्याच्या कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून माझी खानावळ होती. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, तेव्हा औरंगाबाद होतं. नवरा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. त्याची पाठ गेली, मग मी चूल मोठी केली. एवढीच माझ्या धंद्याची सुरुवात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी आहेत ती पोरं. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण, कुठून कुठून यायची. निकाल लागला की पंधरा दिवसांत एसटीतून उतरायची. हातात एक पिशवी, पिशवीत सर्टिफिकेट आणि आईनं दिलेले धपाटे. धपाटे संपले की माझ्याकडं यायची.

बाहेरच्या लोकांना खानावळ म्हणजे हॉटेल वाटतं. तसं नसतं. हॉटेलात गिऱ्हाईक येतं, खानावळीत मेंबर असतो. मेंबर रोज येतो, दोन वेळा जेवतो आणि न येणार असेल तर आदल्या दिवशी ‘खाडा’ सांगतो. खाडा सांगितला नाही तर तुमची भाकरी थापली जाते आणि ती शिळी होते. माझ्या डोळ्यांना दुसरं पाप दिसत नव्हतं, एवढंच दिसायचं. भाजी काय करायची ते मी ठरवायची. मेंबरनं नाक मुरडलं तर त्याच्या ताटात म्हाद्या वाढायचा आणि पुढं बघायचं. म्हाद्या म्हणजे शेंगदाण्याचा कूट फोडणीत शिजवलेला. तो आवडत नाही असा माणूस मराठवाड्यात जन्मला नाही.

पोरगं कुठं कामाला लागलंय, हे त्याच्या जेवणावरून मला कळायचं, त्यात काही विद्या नाही. लोडिंगला लागलेलं पोरगं पहिल्या दिवशी जेवतच नाही, भाकरी हातात घेऊन झोपतं. तिसऱ्या दिवसापासून ते माझं दिवाळं काढतं. हापिसात शिपाई झालेलं पोरगं मीठ कमी आहे म्हणायला लागतं. साहेबाला चहा देऊन देऊन त्याची जीभ साहेबाची होते.

एक वेरूळचा होता. दिसायला राजबिंडा, उंच. परदेशी पाहुणे उतरतात अशा मोठ्या हॉटेलात दारावर उभं राहायची नोकरी लागली त्याला. फेटा, लांब कोट, कमरेला पट्टा. पण मॅनेजर म्हणाला, मिशी पाहिजे. पोराला सतरावं संपलेलं, ओठावर नुसती लव. महिन्याची मुदत दिली. पोरगं रोज आरशात बघायचं आणि बाकीचे मेंबर म्हणायचे, “अरे, त्याला दूध पाजा, मिशी फुटंल.” कोणी एरंडेल सांगितलं, कोणी कांद्याचा रस. माझे कांदे चोरीला जायला लागले. शेवटी मी म्हटलं, कोळशानं काढ. त्यानं काढली. पहिल्याच दिवशी एका गोऱ्या बाईनं त्याच्याबरोबर फोटो काढला आणि त्या उन्हात मिशी घामानं हनुवटीवर आली. मॅनेजर हसला आणि त्याला ठेवून घेतलं, मिशीशिवाय. पुढं त्याची आई वेरूळहून बघायला आली. दारात फेटा बांधून पोरगं परक्यांना वाकून सलाम करतंय, हे बघून ती तिथंच रडायला बसली. “माझ्या घरी फेटा लग्नात बांधतात गं बाई, आन् हा दरवाजा उघडायला बांधतोय!” मी तिला म्हटलं, “रोज लग्न आहे त्याचं, असं समज.”

दुसरा एक होता, त्याला टेबल आणि पंखा पाहिजे होता. “मावशी, आपण मॅट्रिक आहोत,” म्हणायचा. आपण म्हणजे तो एकटा. टेबल नसेल त्या कामाला हात लावायचा नाही. बाकीची पोरं कामाला जायची आणि हा माझ्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायचा. तांदूळ मात्र फार चांगले निवडायचा. खूप वाट बघून त्याला एका पतपेढीत कारकुनाची जागा मिळाली. टेबल मिळालं. पंखा होता तो साहेबाच्या बाजूला तोंड करून.

पण मला कौतिकचं सांगायचं आहे.

कौतिक कन्नडच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आमच्या भागात हे नाव फार असतं. नाव कौतिक असलं तरी घरात त्याचं कोणी फार कौतुक केलेलं नव्हतं. सरळ पोरगं, दहावी सेकंड क्लास, दोन भाकऱ्या खाऊन उठणारं. घरी जिरायत जमीन, बाप सांडूनाना आणि थोरली बहीण मंदा. मंदाची दोन स्थळं येऊन फिरून गेली होती. तिसरं आलं होतं, आणि तिथंच सगळं अडकलं.

झालं असं. कौतिकनं एका मोठ्या कंपनीत अर्ज टाकला होता. कंपनीनं गावच्या पत्त्यावर मुलाखतीला या असं कळवलं. त्याला पोरं ‘कॉल’ म्हणायची. कॉल आला, म्हणजे फक्त भेटायला बोलावलं. शंभर पोरांना कॉल जायचा आणि चार घ्यायचे. हे शहरात कुत्र्यालाही माहीत होतं. गावात नव्हतं. पोस्टमननं पारावर सांगितलं, “नाना, कौतिकला कंपनीचा कॉल आलाय.” नानांनी विचारलं, “कॉल म्हंजी?” पोस्टमन म्हणाला, “म्हंजी कंपनीनं बोलावलंय.” आता गावात बोलावणं आलं म्हणजे काय? लग्नाचं बोलावणं आलं म्हणजे जेवण नक्की. सांडूनानांनी पेढे वाटले. आणि मंदाच्या तिसऱ्या स्थळाला निरोप धाडला, की पोरगा कंपनीत लागला.

हे स्थळ म्हणजे भिकनराव नावाच्या माणसाचा थोरला पोरगा जनार्दन. साखर कारखान्यात नोकरी. भिकनरावांना मंदा पसंत होती, पण त्याहून जास्त मंदाचा भाऊ पसंत पडला. त्यांना धाकटा पोरगा होता. भाऊ कंपनीत असला म्हणजे उद्या आपल्या धाकट्यालाही चिकटवील, असा त्यांचा हिशेब. यात मी त्यांना नावं ठेवत नाही. सगळेच असं बघायचे.

इकडं कौतिक मुलाखतीला गेला. साहेबानं विचारलं, आयटीआय केलंय का. नाही म्हणाला. पुढचा या, म्हणाले. संपलं.

तो परत आला आणि जेवायला बसला. मी विचारलं, “काय झालं रे?”

“नाय झालं मावशी.”

“मग दुसरीकडं बघ. खा.”

तो खात होता आणि तेवढ्यात सांडूनाना दारात. डोक्याला पटका, हातात पेढ्यांचा खोका. खास कन्नडच्या गाडीनं आले होते. “घ्या मावशी, तोंड गोड करा! पोरगं लागलं!” पंगतीतल्या सगळ्यांना पेढा दिला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सगळ्यांना खरं माहीत होतं. कौतिकच्या तोंडात घास, हातात बापानं ठेवलेला पेढा आणि मान खाली.

मी बोलणारच होते. मला पोटात ठेवता येत नाही, त्यानं ॲसिडिटी होते. पण कौतिकनं माझ्याकडं असं बघितलं की मी पेढा तोंडात घातला, म्हणजे तोंड बंद राहील.

नाना म्हणाले, “आन् मावशी, पोळा झाला की भिकनराव येत्यात इथं. पोराला बघायला. म्हणाले, कंपनी बघू, पोरगं बघू आन् मग सुपारी फोडू. तुमच्याकडं जेवायला घालीन म्हणलं.”

नाना गेले तसं मी कौतिकला धरलं. “तू सांगतोस का मी सांगू?”

“मावशी, ताईचं जमलंय हो. दोनदा मोडलंय. आता माझ्या पायी मोडलं तर ती काय म्हणंल?”

“आणि पाव्हणे आले म्हणजे काय दाखवशील? माझं पिठाचं डबडं?”

“तवर कुठंतरी लागतो.”

लागायला दोन जागा होत्या. एक, ठेकेदाराकडं लोडिंगला. त्याच कंपनीत, जिनं त्याला घेतलं नाही. खोकी उचलून गाडीत भरायची. आज आहे, उद्या नाही. पण गेटच्या आत जायला छातीवर बिल्ला मिळायचा. बिल्ला लावून गेटमधून बाहेर आलं की बघणाऱ्याला कंपनीचाच माणूस वाटणार. ठेकेदाराचा मुकादम माझ्याकडंच जेवायचा. तो म्हणाला, “मावशी, पोराला धाडा. पाव्हण्यांसमोर मी त्याला साहेब म्हणून हाक मारतो, मग तर झालं?”

दुसरी जागा माझ्या भिंतीपलीकडं होती. खानावळीला लागून रशीदभाईंचं लेथ मशीनचं दुकान. मध्ये विटांची भिंत नव्हती, नुसता पत्रा. माझी फोडणी त्यांच्या नाकात आणि त्यांची खडखड माझ्या कानात. लेथ म्हणजे काय, तर कुंभाराचं चाक आडवं करा आणि मातीच्या जागी लोखंड लावा. लोखंड फिरतं, त्याला हत्यार टेकवायचं, कुरळा कुरळा कीस निघतो आणि पाहिजे तो आकार येतो. विहिरीच्या मोटारीचे, पिठाच्या गिरणीचे, ट्रॅक्टरचे तुटलेले भाग ते करून द्यायचे. रशीदभाईंना शागीर्द पाहिजे होता. माझ्याकडं चार वेळा म्हणाले, “बाई, कोई अच्छा पोट्टा रहा तो मेरे पास छोड देव. हात सीधा होना, बस. जबान टेढ़ी चलती.”

कौतिक मोकळ्या वेळात तिथं जाऊन उभा राहायचा. पण शागीर्द म्हणजे काही नोकरी नव्हे. बिल्ला नाही, गेट नाही, काळे कपडे. भिकनरावांना काय दाखवणार, पत्र्याचं खोपट?

तो लोडिंगला गेला.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगते, ज्याला पटेल त्यानं घ्यावं. पंगतीत बसलेलं पोरगं कामाबद्दल काय बोलतं ते मी ऐकायची. बहुतेक पोरं मुकादमाबद्दल बोलतात, बसच्या गर्दीबद्दल बोलतात, सुट्टी कधी आहे त्याबद्दल बोलतात. ते काम त्यांचं नसतं. ते पोट भरतं, त्यात वाईट काही नाही. पण एखादं पोरगं घास हातात धरून कामाबद्दलच बोलतं, आमटी थंड होते तरी बोलतं. त्याला ते काम सोडू देऊ नये. मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगत आले. टेबल आहे का, पंखा आहे का, मला कळत नाही.

कौतिक लोडिंगहून आला की एक शब्द बोलायचा नाही. आणि तोंडही न धुता पलीकडं रशीदभाईंकडं जायचा. तिथून आला की सुरू. “मावशी, आज मला चक उघडू दिला, लोखंड पकडतो ना, त्यो. मावशी, टूलला धार लावायची असते, तुमच्या विळ्यासारखी. मावशी, सुताइतका फरक पडला तरी जॉब वाया जातो.”

मी विचारलं, “जॉब म्हणजे नोकरी ना रे?”

“न्हाय हो. लेथवर जो लोखंडाचा तुकडा लावत्यात ना, त्याला जॉब म्हणत्यात. चकात जॉब पकडायचा, जॉब फिरवायचा, जॉब उतरवायचा.”

“आमटी घे. निवली.”

एके दिवशी ठेकेदाराच्या कामाला खाडा पडला. कंपनीची गाडी आली नाही. कौतिक सगळा दिवस रशीदभाईंकडं राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, तरी तो गेला नाही. मुकादम जेवायला आला तेव्हा चिडला होता. “मावशी, पोरगं येडं हाय का? पाव्हणे आठ दिवसांवर आले आन् बिल्ला परत दिला!”

मी कौतिकला विचारलं, “आता रे?”

तो म्हणाला, “पाव्हण्यांच्या दिवशी तेवढा बिल्ला मागून लावतो, मावशी. तेवढ्यापुरता.”

मी म्हटलं, “आणि लग्नानंतर जनार्दन विचारील, मेहुणे, माझ्या भावाला कुठं चिकटवता? मग काय, बिल्ला चिकटवशील?”

 तरी त्यानं मुकादमाकडून बिल्ला मागून ठेवला. एक धुतलेला पांढरा शर्ट माझ्या खुंटीला लावून ठेवला आणि बिल्ला त्याच्या खिशात. ठरलं असं, की एसटी अकराची, पण उशीर धरून पाव्हणे बारा वाजता येणार. साडेअकराला कौतिक हातपाय धुऊन, शर्ट घालून, कंपनीच्या गेटकडं जाणार आणि तिथून पाव्हण्यांसमोर येणार.

एसटी कधी वेळेवर येत नाही. त्या दिवशी आली.

अकरालाच भिकनराव दारात. सोबत सांडूनाना, जनार्दन आणि जनार्दनचा मामा. हा मामा मुंबईला काही वर्षं वॉचमन होता, त्यामुळं तो दर दोन वाक्यांत एक इंग्रजी शब्द घालायचा आणि बाकीचे गप्प बसायचे. मी सकाळपासून येसर केला होता. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा कूट, त्याची आमटी. आमच्याकडं ती लग्नाकार्याला करतात. खानावळीत मी ती कधी करायची नाही. त्या दिवशी केली, म्हणजे मी किती घाबरले होते ते समजा.

पाव्हण्यांना सतरंजीवर बसवलं, पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून. भिकनराव इकडंतिकडं बघत म्हणाले, “पोरगं कुठाय?”

नाना ऐटीत म्हणाले, “ड्यूटीवर आसंल. कंपनी काय आपल्या वावरासारखी नसती, भिकनराव. मनाला यील तवा उठून यायला.”

पत्र्यापलीकडं लेथची खडखड चालू होती. मला माहीत होतं, तिथं कोण आहे. मी ताटं वाढली आणि हळूच मागच्या दारानं जाऊन त्याला बाहेर काढावं असं ठरवलं. भाकरी तव्यावर होती, ती उलटते आणि जाते, म्हटलं. तेवढ्या वेळात व्हायचं ते झालं.

पलीकडून धाडकन आवाज आला. पत्र्याला आमच्या बाजूनं असं पोक आलं की भिकनरावांच्या पाठीत बसलं. माझ्या फळीवरचं तिखटाचं डबडं खाली आलं. आणि मशीन बंद पडलं, त्या शांततेत रशीदभाईंचा आवाज सगळ्या मुकुंदवाडीला ऐकू जाईल असा:

“अरे कौतिक! गया तेरा जॉब! मैं बोला था ना, टाइट पकड़, टाइट पकड़! उड गया ना जॉब?”

मामानं घास खाली ठेवला. “ऐकलं का दाजी? जॉब म्हणजे सर्व्हिस. म्हणजे नोकरी. पोराची नोकरी गेली!”

“आता?” भिकनराव म्हणाले.

“आत्ताच. आपल्यासमोर. टाइट पकडली न्हाय म्हणून गेली, असं साहेब म्हणतोय.”

सांडूनानांचा चेहरा ताटातल्या भातासारखा झाला. “अवो, पर साहेब इथं पत्र्याच्या पल्याड कसा आसंल? कंपनी तर तिकडं लांब हाय ना मावशी?”

मी म्हटलं, “नाना, जेवा.” दुसरं काय म्हणणार?

कौतिक मागच्या दारानं आत आला. हात कोपरापर्यंत काळे, गालावर ग्रीस. पत्र्याला पोक आलं, कोणाला लागलं तर नाही ना, हे बघायला तो धावत आला होता. पाव्हणे आलेत हे त्याला माहीतच नव्हतं. चार माणसं बघून जागच्या जागी थांबला. खुंटीवरच्या पांढऱ्या शर्टाकडं बघितलं. मी पण बघितलं. वाटलं, आता हा शर्ट घेतो आणि पळतो.

त्यानं हात पाठीमागं घेतले आणि म्हणाला, “नाना, नोकरी गेली न्हाय. नोकरी नव्हतीच. कॉल म्हंजी निस्तं बोलावणं असतं. मी गेलो, त्यांनी घेतलं न्हाय. मी इथं रशीदचाचांकडं लेथ शिकतो. आन् जॉब म्हंजी नोकरी न्हाय मामा, लोखंडाचा तुकडा. त्यो उडाला.”

नानांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

“म्हंजी पेढे?” नाना म्हणाले.

“पेढे तुम्ही आधी वाटले, नाना. मग मी काय बोलू?”

भिकनराव उठले. भरल्या ताटावरून उठले. आमच्याकडं भरल्या ताटावरून उठणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं, तोंडानं काही बोलायची गरज राहत नाही. मामाही उठायला लागला, पण त्याचा येसर अर्धा राहिला होता, म्हणून तो गुडघ्यावर अडकला. नाना पटका काढून मांडीवर घेऊन बसले. मी हातात भाकरी घेऊन उभी. मला एवढंच दिसत होतं की मंदाचं तिसरं स्थळ माझ्या सतरंजीवरून चाललंय.

आणि जनार्दन हलला नाही. त्यानं तोवर एक अक्षर काढलं नव्हतं. जाडजूड, शांत पोरगा. वाटीतली आमटी भाकरीनं पुसून तोंडात घातली, चावली, गिळली आणि म्हणाला, “मावशी, अजून एक भाकरी वाढा.”

“ऊठ रे,” भिकनराव म्हणाले.

“दादा, बसा. भाकरी गरम हाय.”

“आरं, यांनी फसवलं आपल्याला!”

“आन् आपण काय केलं?” जनार्दन म्हणाला. “माझी कारखान्यातली नोकरी म्हणून तुम्ही सांगितलं. बॉयलर पेटला की माझी नोकरी, बॉयलर थंड झाला की मी तुमच्या म्हशींमागं. पोळा झाला, मी घरीच हाय ना? सीझनचा गडी हाय मी. हे सांगितलं का नानांला?”

सांडूनानांनी मान वर केली. “सीझनचा?”

“व्हय नाना. दिवाळीनंतर बोलावत्यात. कॉल येतो,” जनार्दन म्हणाला.

मला हसू आवरेना. मी तव्याकडं तोंड केलं तरी खांदे हलत होते. मामा आधीच परत बसला होता. भिकनराव उभेच होते. ताटाकडं बघत होते, मुलाकडं बघत होते.

मी म्हटलं, “भिकनराव, उभ्यानं जेवण अंगी लागत नाही. तुमचा सहा महिन्यांचा, यांचा आत्ता शिकतोय. दोघं मिळून एक वर्ष भरतं. बसा.”

ते बसले. लगेच नाही. आधी पत्र्याला आलेलं पोक हातानं चाचपलं, जणू त्याचाच सगळा दोष. मग बसले आणि म्हणाले, “येसर मात्र चांगला झालाय.” आमच्याकडची माणसं माघार अशीच घेतात.

नानांनी लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. म्हणाले, “मंदीला इचारतो. खरं सांगतो आन् इचारतो. ती म्हणंल तसं.”

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी रेंगाळायला नको. मंदा हो म्हणाली. सहा महिने नवरा घरी असतो हे ऐकून तिला बरंच वाटलं, असं तिनंच मला नंतर सांगितलं. “मावशी, बारा महिने कामावर असणाऱ्याला ओळखायला जन्म जातो.” जनार्दन कारखान्यात पुढं कायम झाला, तेव्हा तिनं तक्रार केली. कौतिक रशीदभाईंकडं शिकला आणि वाळूजला कंपन्या आल्या तेव्हा त्याला तिकडून बोलावणी यायला लागली. तो एकदा गेला, वर्षभर राहिला आणि परत येऊन स्वतःचं लेथ टाकलं. गेटच्या आत श्वास कोंडतो म्हणाला. भिकनरावांचा धाकटा त्याच्याचकडं लागला. चिकटवायचा तो असा चिकटला.

मलाही एकदा नोकरी मिळत होती. एका शाळेत बाईंच्या हाताखाली आया म्हणून, चौथी पास चालत होतं. मी गेले नाही, भाकऱ्या कोण थापणार म्हणून. आज माझ्या वयाच्या बाया पेन्शन आणायला रिक्षानं जातात, तेव्हा जरा चुटपुट लागते. पण त्यांना कोणी विचारत नाही, पहिली नोकरी कोणती धरावी.

तर त्या दिवशी जेवणं झाली, सुपारी कातरली आणि पाव्हणे एसटीला निघाले. सांडूनाना मागं राहिले. मला म्हणाले, “जरा त्या लेथवाल्यांकडं येता का?” आम्ही पलीकडं गेलो. रशीदभाई पत्रा ठोकून सरळ करत होते. नानांना बघून उठले, “सलाम नाना. माफ करो, आपके मेहमानों कू तकलीफ हुई. पोट्टे का हात अच्छा है. आज जरा जल्दी में था, क्या की.”

नाना मशीनभोवती फिरले. बैल बघावा तसं बघितलं. दात सोडून सगळीकडं हात लावला. मग खाली कोपऱ्यात पडलेला तुकडा उचलला. वीतभर लांब, एका बाजूनं चकाकता आणि दुसऱ्या बाजूला वाकडा झालेला.

“ह्योच का जॉब?”

“हौ.”

“ह्यो मी नेतो.”

रशीदभाई म्हणाले, “नाना, वो तो खराब हुआ. अच्छा बना हुआ देता ना मैं.”

“नको. चांगला तुम्हाला लागंल.” नानांनी तुकडा पटक्याच्या शेवात गुंडाळला. “मी गावात पेढे वाटलेत. उद्या समदे इचारतील, नाना, पोराचा जॉब कुठाय? कायतरी हातात द्याया पायजे ना.”